आत्याचं जड स्टिअरिंग

आत्याला पोहता येत नव्हतं आणि तिच्याकडे मोटरबोट होती. या दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल खऱ्या आहेत, हे कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पचनी पडायला बराच वेळ लागला. "अहो, पुण्यात बोट कशाला?" असं कुणी विचारलं, की ती शांतपणे म्हणायची, "तुमच्या हॉलमध्ये झुंबर आहे. राजवाडा कुठाय तुमचा?"

आत्या पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची. आयुष्यभर धरणं आणि कालवे काढले, पण टेबलाशी बसून. निवृत्त झाल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी विकायला काढलेली जुनी, छोटी मोटरबोट तिने घेऊन टाकली. लग्न केलेलं नव्हतं, आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये एकटी राहायची, त्यामुळे परवानगी मागायची कुणाची, हा प्रश्न नव्हता. नाराज होते ते फक्त माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ बापू. त्यांना पाण्याची भीती वाटायची आणि ती भीती ते बहिणीच्या काळजीच्या नावाखाली खपवत.

बोट खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याच्या काठी सोपानच्या शेताजवळ बांधलेली असे. सोपान तिच्यावर लक्ष ठेवायचा. दर रविवारी आत्या स्वारगेटहून एसटी पकडायची. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत पाने, पक्कड आणि डब्यात दडपे पोहे. काठावर पोचली की साडीवरच नारिंगी लाइफ जॅकेट चढवायची. मला नोकरीतून सुट्टी असली की मीही जायचे. पाण्यात गेलं की ती फारशी बोलत नसे. चाक धरून, डोळे बारीक करून समोर बघत राहायची. ऑफिसात मान खाली घालून बसलेल्या बाईने इतकं लांब बघायला कधी शिकून घेतलं, कोण जाणे.

भांडणं सोडवायची तिची एक पद्धत होती. माझं आणि आईचं वाजलं, की ती मला आपल्या घरी घेऊन जायची आणि आईला आमच्या घरी राहू द्यायची. "दोघांना आधी वेगळं करायचं," ती म्हणायची. "मग कळतं नेमकं कोण अडून बसलंय." बहुतेक वेळा मीच असायचे.

एका पावसाळ्यात बोट काठावर झाकून ठेवलेली होती. दिवाळीनंतर पाण्यात उतरवली, तर स्टिअरिंग भलतंच जड झालेलं. चाक उजवीकडे कसंबसं वळे, डावीकडे हलायलाच तयार नाही. बोट सरळ काठावरच्या बाभळींकडे निघाली. आत्याने इंजिन बंद केलं, तरी एक फांदी माझ्या ओढणीत अडकलीच. सोपान नाव वल्हवत आला आणि त्याने आम्हाला ओढून काठाला लावलं.

हे बाबांना कळलं आणि त्यांना हवं होतं ते निमित्त मिळालं. "ताई, स्टिअरिंगला काही झालेलं नाही. तुझी मनगटं दुखतात, डॉक्टरांनी पट्टा दिलाय. हातात जोर राहिला नाही. विकून टाक आता."

संध्याकाळी मी आत्याकडे गेले, तर ओट्यावर घरातल्या सगळ्या बरण्या मांडलेल्या आणि ती एकेकीचं झाकण उघडून पुन्हा घट्ट लावत होती.

"काय चाललंय?"

"उघडतात का बघतेय," ती म्हणाली. लोणच्याच्या बरणीशी ती बराच वेळ झटत राहिली. झाकण उघडलं, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही. तिला खरोखर घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या रविवारी तिने बाबांनाही बरोबर घेतलं. "तू म्हणतोस ते खरं असेल तर बोट विकेन. पण माझ्यासमोर खरं ठरू दे."

काठावर तिने आधी बाबांनाच चाक फिरवायला लावलं. त्यांच्याच्यानेही धड फिरेना. "मला सवय नाही," ते पुटपुटले. आत्याने मागे जाऊन स्टिअरिंगची दांडी इंजिनापासून सोडवली. इंजिन हाताने डावीउजवीकडे ढकललं, ते सहज फिरलं. चाक मात्र तसंच जड. "म्हणजे इंजिनाचा दोष नाही. राहिली केबल, नाहीतर तिचा दांडा ज्या नळीतून सरकतो ती नळी. आता यांना वेगळं करू."

दांडा नळीत पक्का अडकून बसला होता. सोपानने तोंडाशी तेल सोडलं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं. काही उपयोग झाला नाही. मग आम्ही चिंचेखाली बसून पोहे खाल्ले. बाबा घड्याळ बघत होते, आत्या नळीकडे. खाणं झाल्यावर सोपानने पुन्हा ठोकलं आणि म्हणाला, "बाई, हाललाय. वाईच वढा."

दांडा बाहेर आला तेव्हा त्याला जुनं ग्रीस काळ्या मेणासारखं चिकटलेलं होतं, मध्ये मध्ये गंज. आत्याने तो गवतावर ठेवला. "बापू, फिरव आता चाक."

बाबांनी मघाशी लावला होता तेवढाच जोर लावला. चाक गर्रकन फिरलं आणि ते तोल जाऊन बाजूच्या सीटवर बसले. सोपान तोंड फिरवून हसला. आत्याने पुढे होऊन एका बोटाने चाक फिरवलं, मग उलटं फिरवलं.

"केबल चांगली आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हातही चालतात म्हणायचे."

पुढचं काम तिने गुणगुणत केलं. तिच्या मैत्रिणीच्या नातवाच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश तिने मागून आणला होता. त्याने नळी आतून घासली, रॉकेलच्या फडक्याने पुसली, दांड्याला पॉलिश पेपर मारला, नवं ग्रीस लावून सगळं पुन्हा जोडलं. बाबा न सांगता एकेक पाना तिच्या हातात देत होते.

त्या दिवशी ते बोटीत बसले. जाताना दोन्ही हातांनी सीट धरून. पलीकडच्या काठावरून परतताना मात्र घसा खाकरून म्हणाले, "ताई, मी धरून बघू का जरा?" पुढच्या रविवारी स्वारगेटला ते आमच्या आधी येऊन उभे होते.

मग बरीच वर्षं ती दोघं जात राहिली. पुढे आत्याची मनगटं खरंच चालेनाशी झाली. तिने चाक बाबांच्या हाती दिलं आणि पुढच्या सीटवर बसून त्यांच्या चुका काढू लागली.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही एकदा गेलो होतो. ती आजारी होती, पण येणारच म्हणाली. कोवळं ऊन होतं. बोट पाण्याच्या मधोमध आली आणि आत्याला डुलकी लागली. मी काठाकडे खूण केली. बाबांनी नको अशी मान हलवली. बोट थांबली तर ती जागी होईल, म्हणून ते अगदी हळू एक मोठा वळसा घेत राहिले. मग आणखी एक, मग आणखी. शेवटी इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

आत्याने डोळे उघडले. "पेट्रोल संपवलंस?"

"हो," बाबा म्हणाले.

"बरं केलंस," ती म्हणाली आणि शाल नीट गुंडाळून घेत सोपानची नाव येताना बघत राहिली.