मेंढका जेवला का?

आमच्या कुंडलच्या घरात फोन ही एकट्यानं बोलायची वस्तू कधीच नव्हती. फोन आला की तो ओसरीतल्या लोखंडी खाटेवर ठेवायचा, स्पीकर लावायचा आणि घरात जेवढे कान असतील तेवढ्यांनी भोवती गोळा व्हायचं. खाटेवर आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. खाली जोत्यावर चुलते, त्यांच्या मागे चुलती. आणि आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन माझी आई. वडील फौजेत होते. नोकरीतली काही वर्षं त्यांनी बर्फातल्या चौक्यांवर काढली, आणि त्या वर्षांत त्यांचा आवाज आमच्याकडे क्वचित यायचा, आला तरी खरखरत यायचा.

आबा विचारायचे, "कसं काय हाय?" वडील म्हणायचे, "सगळं ठीक हाय." मग चुलते उसाची तोड, कारखान्याची गाडी, विहिरीची मोटर असं सगळं सांगायचे. वडील हूं हूं करायचे. आई चौकटीला धरून उभीच. सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज, आणि नवरा हिमालयात असला म्हणून रिवाजाला सुट्टी नव्हती. फोन बंद व्हायचा आणि ती चुलीकडे जायची. मला लहानपणी वाटायचं, आईला वडिलांशी बोलायला आवडत नसावं. एवढ्या चुकीच्या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली.

एकदा मी हट्टच धरला, मला गोष्ट सांगा म्हणून. चुलत्यांनी डोळे वटारले, पण वडिलांनी सुरुवात केली. "एक मेंढका हुता. जतकडचा."

जतकडचा म्हटल्यावर तो आम्हाला लगेच दिसला. ऊस गेला, रानं मोकळी झाली की तिकडची माणसं कळप घेऊन आमच्या बाजूला उतरायची. आबा त्यांना रानात मेंढरं बसवायला सांगायचे, खतासाठी. वडिलांचं अर्धं लहानपण त्या मेंढक्यांच्या वाघरीजवळ, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, गेलेलं. तर हा मेंढका कळप घेऊन कुठल्याशा उंच डोंगरावर गेला, धुक्यात कळप पांगला आणि त्याच्याजवळ उरली एक लंगडी मेंढी.

"ज्वारीच्या रानात फिरणारा गडी डोंगरावर कशाला मराय गेला?" आबांनी शंका काढली.

"पोटासाठी गेला, आबा," वडील म्हणाले.

पुढच्या फोनला चुलत्यांचं ऊसपुराण संपलं. तेव्हा दारातून आईचा आवाज आला. ती माझ्याकडे बघत होती, जणू मीच तिला विचारायला सांगितलं होतं. "त्यो मेंढका जेवला का?"

चुलतीनं तोंडाला पदर लावला. मग वडील म्हणाले, "जेवला. पण डब्यातलं त्याला ग्वाड लागत न्हाई."

"मेंढक्याकडं डबा कुठला?" मी विचारलं.

त्यानंतर आमच्या घरात फोनचा शेवटचा भाग मेंढक्याचा. आई विचारायची, झोप लागते का त्याला. वडील सांगायचे, वारं लय हाय, पण मेंढीला गावाकडच्या गोष्टी सांगतो आणि मग लागते. अंगावर पुरेसं हाय का? घोंगडं हाय, पर जड झालंय. कोण बोलायला हाय का? तीन धोंडे मांडून ठेवलेत, एकाला बाप म्हणतो, एकाला कारभारीण, एकाला लेक. रोज सकाळी तिघांवर खेकसतो. हे ऐकून मी हसायचे. आई हसायची नाही. ती पुढचं विचारायची. तिरसट, भांडखोर माणूस होता तो मेंढका. स्वयंपाकाला काही नसलं तरी रोज सकाळी भगुलं घासून ठेवायचा आणि त्यावरून मेंढीला शिव्या द्यायचा.

आबांचा जीव मेंढीत. प्रत्येक फोनला ते विचारायचे, "पायाला काय लावलं का न्हाई तिच्या?" वडील म्हणायचे, लावतोय. त्या वर्षी वडील सुट्टीवर आले तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. थंडीनं काळी पडली म्हणून काढावी लागली होती. ओसरीत त्यांनी बूट उतरवला. आबांनी त्या पायाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मेंढी चालाय लागली म्हणायची." मग रानात निघून गेले. आबांना पहिल्यापासून सगळं कळत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

एका हिवाळ्यात फोन बंदच झाले. टीव्हीवर बर्फाचा कडा कोसळल्याची बातमी सारखी दाखवत होते, चौकीचं नाव सांगत नव्हते. आबांनी उठून टीव्ही बंद केला. घरात सगळे भांडी खाली ठेवतानासुद्धा आवाज होऊ नये असं बघत होते. रात्री पानावर बसल्यावर आबा एकदम म्हणाले, "त्यो मेंढका लय वस्ताद हाय. बसला आसंल दगडाआड." आई त्यांना वाढत होती. तिनं वाढलं, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

काही दिवसांनी फोन वाजला. कोणी काही विचारायच्या आत वडील म्हणाले, "मेंढका हाय." आणि लाइन गेली.

मी आता कोयनानगरच्या शाळेत मराठी शिकवते. पुस्तकातल्या माणसांवर संकटं येतात, ती एकटी पडतात, झगडतात, आणि धड्याखाली प्रश्न असतो की ती कशाच्या बळावर टिकली. गाइडातलं उत्तर ठरलेलं: जिद्द, चिकाटी आणि आशावाद. मुलं ते वहीत उतरवतात, मी त्यावर बरोबरची खूण करते, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. आमच्या मेंढक्याकडं यातलं एकही नव्हतं. त्याला घरी यायचं होतं आणि येता येत नव्हतं, एवढंच होतं. तो टिकला, कारण दर खेपेला दारातून कोणीतरी विचारायचं, जेवला का. विचारलं म्हणून वडिलांना त्याला जेवू घालावं लागायचं. मला वाटतं, गोष्टीतली सगळीच माणसं अशी जगतात. पण हे परीक्षेत लिहिलं तर गुण मिळायचे नाहीत.

वडील निवृत्त होऊन घरी आले आणि मेंढका बंद झाला. फोनची गरजच राहिली नाही. दोघं एका घरात, एका ओसरीत, आणि बोलायला काही नाही. बर्फातून माणूस परत आला पण बोलणं तिकडंच राहिलं, असं आईच्या तोंडावर दिसायचं. मी एकदा त्यांना विचारलं, "मेंढका खाली उतरला का?" ते म्हणाले, "उतरतोय. चढायपेक्षा उतरायला येळ लागतो." ते छातीच्या दुखण्यानं गेले तेव्हा तो अजून उतरत होता.

माझं लग्न मोडलं ते त्यानंतर. कागदपत्रं झाली, मी बदली मागून घेतली आणि इथं धरणाच्या जुन्या वसाहतीत एका खोलीत राहायला आले. आजूबाजूच्या निम्म्या खोल्यांना गंजलेली कुलपं. शाळा सुटली की उद्या शाळा भरेपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. कुंडलला या विषयावर कोणी बोलत नाही. लेकीचा मोडलेला संसार स्पीकरवर कसा काढायचा? मी फोनवर म्हणते, सगळं ठीक आहे. भाऊबंद बसलेले असतात, ऊस किती फुटला ते सांगतात. खरं सांगायचं तर मी स्वयंपाक करणं सोडलंय. चहात बिस्किटं बुडवून खाते आणि झोपते.

परवा संध्याकाळी जमीन हलली. मांडणीवरची ताटं वाजली आणि थांबली. कोयनेच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण टीव्हीवर पट्टी फिरली आणि घरून फोन आला. मागं सगळ्यांचा गलका. आबा आता फार थकलेत, त्यांचा खोकला ऐकू येत होता. चुलते म्हणाले, "काय पडलं झडलं का?"

"न्हाई. सगळं ठीक हाय." मी म्हणाले, आणि तो आवाज मला वडिलांचा वाटला.

मग लांबून, दारातून, आई बोलली. "तुझ्याकडं त्यो मेंढका आलाय का गं?"

इतक्या वर्षांत तिनं त्याचं नाव काढलं नव्हतं. मी म्हणाले, "हाय इथं."

"जेवला का?"

हो म्हणणं सोपं होतं. "न्हाई," मी म्हणाले. "एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो त्याला."

आबांनी विचारलं, "मेंढी तरी हाय का जवळ?"

"न्हाई, आबा. मेंढी पण न्हाई." मला रडू आलं, आणि ते त्या सगळ्यांना स्पीकरवर ऐकू गेलं.

मग बांगड्या वाजल्या. आधी लांब, मग अगदी फोनजवळ. आई दार सोडून ओसरीत आली होती, सासऱ्यासमोर, दिरासमोर, आणि तिनं फोन खाटेवरून उचलला होता.

"रडायचं न्हाई," ती म्हणाली. "पहाटं भाकरी थापून निघती मी. चूल तेवढी पेटवून ठेव. त्यो पयला मेंढका लय लांब हुता, मला जाता येत नव्हतं, नुसतं इचारत बसले. कोयनेला एस्टी जाती."