मांडवाआधीचं बोलावणं

मुलांनो, दिवाळीनंतर तुमच्यातल्या थोरलीने फोनवर माझ्याकडे एक गोष्ट मागितली. तिचं लग्न येत्या उन्हाळ्यात तिकडेच, कॅनडात आहे. हळदीच्या संध्याकाळी आपल्या घरातलं एखादं जुनं गाणं स्पीकरवर लावायचं आहे. "आजी, रेकॉर्ड करून पाठव ना, दोन मिनिटांचं चालेल." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं, मला एकही गाणं येत नाही.

गोंदियाच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या कविता अजून पाठ आहेत. पण आपण पोवार. आपल्या घरात लग्नाची गाणी सासूकडून सुनेकडे येतात. माझ्या सासूबाई ती द्यायला तयार होत्या, मला मात्र वह्या तपासायच्या असायच्या. आता ती एकाच व्यक्तीला येतात, माझ्या थोरल्या जाऊबाईंना. त्या आमगावजवळच्या आपल्या गावी राहतात. चौऱ्याऐंशीच्या पुढे आहेत आणि गेल्या वर्षापासून विसरू लागल्या आहेत. म्हणून मी जानेवारीत निघाले, एकटी.

'एकटी' हा शब्द तुम्हाला विशेष वाटणार नाही. मी मात्र सत्तर वर्षांत आमगावलासुद्धा एकटी गेले नव्हते. तिकीट काढणं, खिडकीची जागा बघणं, उतरायचं स्टेशन आलं की हात धरणं, ही सगळी कामं तुमच्या आजोबांची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी घर, बँक आणि डॉक्टर या तीन जागांपलीकडे गेले नव्हते. त्या सकाळी गोळ्या, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर आणि तीन रकाने आखलेली वही पिशवीत भरली: शब्द, अर्थ, कधी म्हणायचं. प्लॅटफॉर्मवर मी दोनदा मागे वळून पाहिलं. कोणाला शोधत होते ते सांगायला नको.

गाडीच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या रिकाम्या बांध्या होत्या, त्यांवर धुकं बसलेलं. आमगावला उतरल्यावर ऑटोवाल्याने विचारलं, "माताजी, अकेले? साथ में कोई नहीं?" मी म्हटलं, "नहीं." तो म्हणाला, "घर में झगड़ा हुआ क्या?" पुष्कळ दिवसांनी मला हसू आलं.

जाऊबाई सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, उन्हाला बसल्या होत्या. त्यांना मी 'बाई' म्हणते. त्या पोवारीत, म्हणजे आपल्या पोवार समाजाच्या बोलीत बोलतात. तुम्हाला वाचता यावं म्हणून मी त्यांचं बोलणं आमच्या इकडच्या मराठीत लिहिते आहे.

"काऊन आली वं?" त्या म्हणाल्या. "अन् माया देर कुठं हाय? गाडी लावून राहिला का?"

त्यांचा दीर म्हणजे तुमचे आजोबा. त्यांच्या दिवसांना बाई स्वतः आल्या होत्या. त्यांची सून आतून घाईने बाहेर आली, मला डोळ्यांनी खुणावलं आणि म्हणाली, "आई, काकाजी गेले ना. सांगतलं होतं."

बाई मलाच म्हणाल्या, "मंग तू एकटी कशी आली?" त्या एका प्रश्नात दोन वर्षं मावली.

चहा झाला. मी कशासाठी आले ते सांगितलं, फोन स्टुलावर ठेवला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. तुम्हाला हवं तसं दोन मिनिटांचं गाणं मी मागितलं नाही. मला घरचं पहिलं गाणं हवं होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, मांडवाला हात लावण्याआधी, बायका ते म्हणतात. त्यात घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावतात.

बाईंनी फोनवर पदर टाकला.

"लगन हाय का इथं?"

"नाही. लग्न तिकडे आहे."

"मंग बोलावू कोनाले अन् कायले? ते आले, अन् मांडव नाही दिसला तं? ना हळद, ना भात. वापस कोन्या तोंडानं पाठवू?"

"बाई, हे नुसतं रेकॉर्डिंग आहे."

"तुया मशीनले समजते. त्याइले समजते का?"

मी शाळेतल्या आवाजात समजावू लागले, तशा त्या म्हणाल्या, "पोराच्या लग्नाले तं तूच मले चूप केलं होतं. आता मास्तरीन बाईले गानं पायजे."

सून चटकन आत गेली. मी मान खाली घातली, कारण ते खरं होतं. तुमच्या बाबांच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी माझ्या शाळेतले लोक आले होते. बाईंनी गाणं सुरू केलं. मला वाटलं, हे रडल्यासारखं गाणं ऐकून लोक काय म्हणतील. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "राहू द्या आता, पाहुणे आलेत." आणि कॅसेट लावली. बाई पहिल्याच नावावर थांबल्या. ते नाव माझ्या सासऱ्यांचं होतं. ही गोष्ट मी तुमच्या बाबांना कधी सांगितली नाही. आता तुम्ही सांगा.

जेवणं झाल्यावर मी परत निघायच्या तयारीने वही पिशवीत ठेवली. बाई बघत होत्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली, "भांडे आन वं बाहेर. घासलेले."

माझ्यापुढे त्यांनी एक गुंड, एक गंज म्हणजे पातेलं, एक कोपर म्हणजे परात आणि एक गडवा म्हणजे तांब्या मांडला. त्या लग्न होऊन नव्या आल्या तेव्हा सुना हे गाणं असंच शिकायच्या. शिकताना मेलेल्यांची नावं घ्यायची नाहीत, ते उगीच येतात. जिवंत माणसांची तर मुळीच घ्यायची नाहीत. म्हणून नावाच्या जागी भांडी. पाण्याच्या गुंडाला बोलवायचं, वाट दाखवायची, पाट देऊन बसवायचं. मग गंजाला. मग कोपराला.

"पदर घे डोक्शावर," त्या म्हणाल्या. "भांडे झाले तं का झालं?"

त्यांचा आवाज फाटलेला होता, पण चाल कुठेही हलली नाही. मी मागून म्हणत होते आणि चुकत होते. "इंग्रजी नोको म्हनू, नाकातून येऊन राहिलं," असं त्या दोनदा म्हणाल्या. चारही भांडी बसली. बोलावणं, वाट दाखवणं आणि बसवणं हे गाण्याचे तीन भाग झाले, आता चौथा उरला होता. लग्न पार पडल्यावर, मांडव सोडताना, बोलावलेल्यांना परत पाठवायचं, त्यांची वाट मोकळी करायची. बाईंनी गडव्यावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि थांबल्या.

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच आल्या आणि थांबल्या. तिसऱ्या वेळी ओठ नुसते हलले. सून म्हणाली, तिने ते ऐकलंय, पण शब्द येत नाहीत. गावात दुसरं कोणी? ज्या म्हणायच्या त्या एकेक करून गेल्या.

"बोलावनं येते," बाई शेवटी म्हणाल्या. "पाठवनं गेलं माया डोक्शातून."

वहीत तीन भाग आले होते. चौथ्याच्या जागी मी आडवी रेघ मारली. अर्ध्या गाण्याचा उपयोग नाही हे मला कळत होतं. पाठवता येत नसेल तर बोलवायचं कसं? मी म्हटलं, "मग नातीला सांगते, नको म्हणून. दुसरं काही लावेल."

"काऊन?" बाई म्हणाल्या. "बोलावू दे. राहतील तिथंच, पोरीजवळ. इथं कोन हाय आता त्याइले?"

रिकाम्या सपरीकडे बघत त्यांनी हे सांगितलं, जेवलीस का असं विचारावं तशा आवाजात. मी वहीचं नवीन पान काढलं आणि कोणामागून कोण घ्यायचं तो क्रम विचारला. नावं त्यांनी उच्चारली नाहीत. "तुया सासऱ्याचा भाऊ", "मायी नणंद, जे लहानपनी गेली", अशी ओळख सांगितली आणि मी लिहीत गेले. तुमच्या आजोबांची जागा त्यांच्या थोरल्या भावामागे, म्हणजे बाईंच्या नवऱ्यामागे.

"अन् लगनापावतर मी गेली, तं मले बी घे त्याच्यात," बाई म्हणाल्या.

"कोणाच्या मागे?"

"सासूच्या मागं. पुढं नोको ठेवू, बोंबलन ते."

मी सासूबाईंच्या नावाखाली एक ओळ कोरी सोडली.

तेव्हा थोरले, मी रेकॉर्डिंग पाठवत नाही. हे गाणं स्पीकरवर लावायचं नाही. तुझ्या बाबांना मी तिकीट काढायला सांगितलं आहे. इतकी वर्षं मी विमानाला नाही म्हणत होते, ते आता म्हणत नाही. आदल्या संध्याकाळी लोक यायच्या आत मला एक तास दे आणि खोलीत रिकामे पाट ठेव. अकरा लागतील, कदाचित बारा. एकदा बोलावलं की ते तुझ्याकडेच राहतील, कारण त्यांना परत पाठवणं आपल्यापैकी कोणालाच येत नाही. हे नीट विचार करून मला कळव. नाही म्हणालीस तरी मी येईन.