शिंगांचा देव आणि पहिल्या रांगेतले काका

लेक कॉलेजात युरोपातल्या प्राचीन केल्टिक लोकांची कला शिकते, असं इथं अमेरिकेत हर्नडनच्या आमच्या मराठी मंडळात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग जॉब कशात?" त्याची मला सवय झाली होती. पण यंदा तिनंच विचारलं, "आई, मी मंडळात त्यावर बोलू? मराठीत?" तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. एरवी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर, फोन करकरून शब्द विचारायला लागली. कंपासला काय म्हणतात? कर्कटक. तो शब्द तिला फार आवडला.

बोललीही छान. ब्राँझच्या एका आरशाची पाठ पडद्यावर दाखवून म्हणाली, "ही वळणं हातानं काढलेली वाटतात ना? पण कारागिरानं कर्कटक वापरलंय. टोक रुतल्याच्या खुणा बघा." मागे बटाटेवडे आले होते, तरी माणसं ऐकत होती. मग तिनं चांदीच्या एका जुन्या हंड्यावरचा देव दाखवला. डोक्यावर सांबराची शिंगं, मांडी घालून बसलेला, भोवती जनावरं.

पहिल्या रांगेतले काका उठलेच. "अगं, हे तर आपले पशुपती! हे लोक मूळचे आपलेच. नेटवर आहे सगळं."

टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका, तसा प्रूफ नाहीये," ती शांतपणे म्हणाली. "हा देव कोण, ते नक्की माहीत नाही. त्या लोकांनी देवांबद्दल लिहून ठेवलं नाही. म्हणून तर वस्तू नीट बघायच्या."

"तेच सांगतोय! आपल्याकडे सगळं लिहिलेलं आहे!"

माईक काकांकडे गेला तो परत आलाच नाही. आरशाबद्दल विचारायला मी हात वर केला, पण कोण बघतंय? वडे थंड झाले. आभार मानणाऱ्या काकूंनी तर कहर केला. आपल्या संस्कृतीची थोरवी उलगडून दाखवल्याबद्दल तिला नारळ दिला! तिचे अर्धे फोटो दाखवायचे राहिलेच होते.

गाडीत मी म्हटलं, "काकांचं मनावर घेऊ नकोस गं."  घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तू आणि बाबा दोघंच जा."

हे मराठी वाक्य मात्र तिला मला विचारावं लागलं नाही.