दामूभाऊचा उत्तर कोरिया

किस्से मुद्दाम कोण जमवतं? संध्याकाळी चार टाळकी एकत्र बसली, की आपोआप साठत जातात. आमची टाळकी मसोली गावातल्या ओट्यावरची. मी, शेजारचे जाधवसर आणि वाढवणचा दामूभाऊ. दामूभाऊचा जन्म मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून गेला. त्याचं जहाज एकदा तांदूळ घेऊन उत्तर कोरियाच्या बंदराला लागलं होतं. झालं! टीव्हीवर त्या देशाची बातमी आली, की आम्ही त्याच्या मागे लागायचो.

जाधवसरांनी एकदा विचारलं, "तिथे सगळ्यांनी त्या हुकूमशहा साहेबासारखेच केस कापायचे, हे खरं का रे?"

"सर, मरणाची थंडी होती. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या! केस कोणाला दिसतात?"

*

"बरं, हसतात तरी का ती माणसं?" मी एकदा विचारलं.

दामूभाऊने घरून भाजलेले सुके बोंबील नेले होते. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने पिशवी हुंगली, कपाळाला आठ्या घातल्या आणि तपासणी म्हणून एक तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिसरा! शेवटी त्याचं त्यालाच हसू आलं.

"पिशवी पास झाली," दामूभाऊ म्हणाला, "पण रिकामी!"

*

वाढवणला बंदर नको म्हणून मोर्चा निघाला, त्या संध्याकाळी सर वैतागले होते. "आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ऐकतंय कोण?"

दामूभाऊ मोर्चात घसा बसवून आला होता. म्हणाला, "सर, मी ओरडलो, घरी आलो, जेवलो. तिथे ओरडणारा जेवायला घरी पोचेल का, ते मला नाही सांगता येणार."

 

*

एक गोष्ट मात्र तो सहसा काढत नसे. पोती उतरवताना क्रेनचा दोर तुटला. तिथल्या एका हमालाने दामूभाऊला जोरात ढकललं, म्हणून हा वाचला. ह्याने भान विसरून त्याला मिठीच मारली! परक्याशी बोलायचीसुद्धा बंदी, आणि पहारेकरी समोर उभे. दुसऱ्या दिवशी त्या जागी वेगळाच माणूस.

"घातली असणार गोळी," सर लगेच म्हणाले.

"नाहीतर पाळी बदलली असेल. मला माहीत नाही, सर. तुम्हालाही नाही."



*

पितृपक्षात त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने, हिरावहिनींनी, पितरांची पानं वाढली. दामूभाऊच्या आईचं, वडिलांचं, आणि शेजारी आणखी एक.

"हे कोणाचं?" दामूभाऊने विचारलं.

"त्या कोरियाच्या भाऊंचं," वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "माझं कुंकू राखलं त्यांनी. टीव्हीवर सांगतात, तिथे नेलेला माणूस परत येत नाही. त्यांचं कोण करणार?"

दामूभाऊ पाटावरून उठला.

"तुला बातमी आली?"

"नाही."

"मग जित्या माणसाचं पान वाढतेस? उचल ते!"