जठारपेठेतली सोयरीण

अकोल्यात अनोळखी माणसाला फार दिवस अनोळखी राहता येत नाही. आम्ही आधी अमरावतीला होतो. तिथली माणसंही बोलकीच, पण मी दार लावून घेतलं की लावलेलं राही. ह्यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, सरकारी गाडीवर चालकाची नोकरी. बदली झाली आणि आम्ही जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या. सामान उतरत होतं तेव्हाच समोरच्या घरातून पाण्याचा हंडा आला, मागून चहा आला, आणि चहा घेऊन आलेल्या बाई पायरीवर बसल्या त्या तासभर उठल्या नाहीत.

मला माणसांची भीती वाटते असं नाही. पण कुणी सरळ डोळ्यांत बघून विचारलं की माझं उत्तर घशातच राहतं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी खाली बघायची. समोरच्या बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं माहेर विचारलं. मी शेंदूरजनाघाट म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या धाकट्या भावाची बायको तिथलीच, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातली. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं, की ते त्यांच्यातही असतं आणि आमच्यातही. भावजयीच्या मामाचंही तेच निघालं. पुढचं सगळं त्यांनीच जुळवलं. कुणाच्या आत्याचं लग्न, कुणाचा चुलता, आणि शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तुमी आमच्या सोयरीण निंगाल्या."

मी हसले. तेवढंच केलं.

खरं म्हणजे आम्ही त्यांच्या सोयऱ्यांत बसत नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही बौद्ध. त्या बागांमध्ये माझी आई आणि मी संत्री निवडायला जायचो. मोठं फळ एकीकडे, बारीक एकीकडे, डाग पडलेलं तिसऱ्या ढिगात. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. त्या दिवशी सुचली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्या मला सोयरीण म्हणूनच हाक मारत आल्या.

त्यानंतर सहा महिने मी त्या हाकेवर जगले. जुन्या शहरात डाळी कुठे चांगल्या मिळतात ते दाखवायला त्या मला पुलापलीकडे घेऊन गेल्या आणि प्रत्येक दुकानात ओळख करून दिली. मला ताप आला तेव्हा तीन दिवस भाकरी त्यांच्याकडून आली, सोबत बोलणी. अंगावर काढता काहून, आवाज द्यायला तोंड नाही का, असं सगळं. इतक्या मायेनं मला आईनंतर कुणी रागावलं नव्हतं. म्हणूनच मी दर वेळी गप्प राहिले. माया माझ्यावर होती की सोयरिकीवर, ते तपासून बघायचं धाडस होत नव्हतं.

घरात आतल्या खोलीत भगवान बुद्धांची तसबीर आहे. त्या आल्या की मी मधल्या दाराचा पडदा ओढून घ्यायची. ह्यांना हे माहीत नव्हतं. हे दिवसभर गाडीवर.

मार्च संपत आला आणि गल्लीत पापड सुरू झाले. इथे पाच-सहा घरच्या बाया मिळून पापड करतात. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं, ऊन तापायच्या आत लाटून मोकळं व्हायचं. जिच्या घरी काम तिनं चहा द्यायचा आणि उडदाच्या कच्च्या लाट्या तेल लावून खायला द्यायच्या. त्या खाल्ल्याशिवाय कुणी उठत नाही. मी चार घरी गेले. लाटताना बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडलं. माझा पापड पातळ होतो असं सगळ्या म्हणाल्या.

मग माझा दिवस ठरला. मी दोनदा पुढे ढकलला होता, तो समोरच्या बाईंनीच परस्पर ठरवून टाकला. वर सांगितलं, की माहेरची बाई भेटेल म्हणून भावजयीला मुद्दाम बोलावून घेतलं आहे.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हे रागावतील. हे उठले आणि मधल्या दाराचा पडदा दोरीसकट काढून घडी करून कपाटात ठेवला. म्हणाले, "पापड करू नको, काही हरकत नाही. पण हे करू नको."

पापडांच्या आदल्या दिवशी दुपारी मी समोर गेले. बाई अंगणात गवार मोडत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. आम्ही बौद्ध, ती सोयरीक आमची नाही, तुमच्या भावजयीकडच्या बागेत मी आईबरोबर संत्री निवडायला होते. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्यांचे हात थांबले. नंतर पुन्हा शेंगा मोडू लागले.

"सहा महिने मी सोयरीण सोयरीण करून राहिली, अन तुमी हसून राहिल्या," त्या म्हणाल्या. "मले वेडी समजत होत्या का?"

मी नाही म्हणाले.

"मंग काय समजत होत्या? खरं माहीत झालं त मी भाकर बंद करीन?"

मी खाली बघितलं. मला तसंच वाटत होतं, आणि ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, माझ्या जातीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं. पण त्या लगेच, नाही हो, मला काही फरक पडत नाही, असंही म्हणाल्या नाहीत. उरलेल्या शेंगा मोडून सुपात टाकल्या. मग विचारलं, पीठ भिजवलं का. मी म्हटलं, नाही. "संध्याकाळी भिजवा. सकाळी घाई होते," एवढंच बोलून त्या सुपासकट आत गेल्या.

सकाळी मी चटया अंथरून बसले होते. पाच जणी यायच्या, तीन आल्या. समोरच्या बाई, त्यांची भावजय आणि मागच्या गल्लीतल्या एक. एकीचा निरोप होता की गुडघा दुखतो. दुसरीचा निरोपही नव्हता. समोरच्या बाईंनी आत येताच तसबिरीकडे एकदा नीट पाहिलं आणि पोळपाट मांडला. भावजयीनं विचारलं, कोणत्या वर्षांत होतीस बागेत. मी सांगितलं. ती म्हणाली, आम्हाला निवडणीच्या मांडवाकडे जाऊ देत नसत, पण तिथून हसण्याचा आवाज यायचा आणि मला फार यावंसं वाटे. खरं असेल.

लाट्यांची ताटली मी मधोमध ठेवली. समोरच्या बाईंनी पहिली लाटी उचलली, खाल्ली आणि म्हणाल्या, "पापडखार कमी पडला बाई तुमचा." भावजयीनं, कच्चा उडीद मला सोसत नाही, म्हणत नुसता चहा घेतला. सोसत नसेलही. दर वेळी आतलं काय ते शोधत बसलं तर माणूस दमून जातं.

पापड वाळले. दोन दिवसांनी मी वीस पापड डब्यात घातले आणि गुडघा दुखणाऱ्या बाईंच्या घरी गेले. समोरचं घर सोडलं, तर अकोल्यात कुणाकडे न बोलावता जायची ती माझी पहिलीच वेळ. दार उघडंच होतं. त्या पाय लांब करून पलंगावर बसल्या होत्या. गुडघा खरंच सुजला होता, त्यावर एरंडाचं पान बांधलेलं. त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हटलं, "आमी बौद्ध आहोत. तुमाले ठाऊक असावं म्हून सांगतलं."

"तुमच्या समोरच्या बाईनं सांगतलं मले फोनवर," त्या म्हणाल्या. "बसा. हे पान सैल झालं, जरा आवळून बांधून द्या."

मी पान बांधून दिलं. बराच वेळ बसले, थोडं बोललेही.

जिचा निरोप आला नव्हता, तिच्याकडे अजून गेले नाही. तिच्यासाठीही वीस पापड मोजून वेगळे ठेवले आहेत. उद्या सकाळी जाईन म्हणते.