वळणावरचा कंदील

शिवगंगा ही माझी चुलती, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. आमचं कसब्याचं गाव अणदूरच्या पुढं. राज्य निजामाचं, दप्तर उर्दूत आणि घरातलं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. काका, म्हणजे शरणबसप्पा, गेले तेव्हा गावाबाहेर आमच्याच शेताच्या कडेला, रस्त्याच्या वळणावर त्यांची समाधी झाली. आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवतात आणि माती देतात. शेजारची जागा अव्वासाठी सोडली होती. तिनं स्वतः भोवती दगड लावून ती आखून घेतली. नवरा गेल्यापासून ती रडली नाही आणि हसलीही नाही. दळायची, भाकऱ्या थापायची. आपल्याला त्या दगडांच्या आत बसवावं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

माझे वडील वीरप्पा तेव्हा बलदियाचे सभासद झाले. बलदिया म्हणजे आजची नगरपालिका. तहसीलदार तिचा सदर, म्हणजे अध्यक्ष, बाकीचे सभासद सरकारनं नेमलेले. वडिलांना सभासदकी भलतीच चढली. झाडलोट, दिवाबत्ती, विहिरीत औषध टाकणं हे बलदियाचं काम. पट्टी बसवणं, रस्त्यात आलेले ओटे पाडणं हा तिचा हक्क, असं ते जेवतानासुद्धा सांगत. अव्वा वाढत असायची. आमच्या शेताच्या वाटेवर अंधार फार. तिथं कंदील हवा म्हणून वडिलांनी अर्ज केला. हद्दीबाहेर दिवा लावायचा बलदियाला अधिकार नाही, असं उत्तर आलं. मग वडिलांनी खटपट करून हद्दच वाढवून घेतली. हद्दीचा दगड शेतापलीकडं गेला आणि त्या दिवशी घरात शिरा झाला.

हद्दीच्या आत प्रेत पुरायला मनाई होती. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कलमं तोंडपाठ असलेल्या सभासदसाहेबांच्याही नाही. दवंडी पिटली तेव्हा कळलं, की आता पुरायचं ते ओढ्यापलीकडच्या नव्या जागेत.

वडील सूट मागायला कचेरीत गेले. सदर भला माणूस. त्यानं चहा पाजला आणि विचारलं, "वीरप्पासाहेब, हद्द वाढवायच्या ठरावावर सही तुमचीच आहे. सभासदाच्या घरी सूट दिली तर बाकीच्यांना मी काय सांगू?" बरोबरच होतं त्याचं. शिव्या द्याव्यात असा माणूसही मिळेना.

वडील घरी आले तेव्हा अव्वा ज्वारी पाखडत होती.

"वहिनी, तिथं आता जमायचं न्हाय. कायदा हाय."

"आन तुमचे अण्णा?"

"आधीच्या समाधीला हात लावत न्हाईत."

"मंग ते एकटेच ऱ्हाणार," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलू लागलं.

दुसऱ्या दिवसापासून अव्वा आंघोळ करून शेतात जाऊ लागली. त्या दगडांच्या आत मांडी घालून बसायची, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, विभूती लावायची, बेल वाहायची. पूजा आटोपली तरी उठायची नाही. डोळे मिटून तशीच बसून राहायची. गावात कुजबुज सुरू झाली. बलदियाचा चपराशी दगडोबा आला.

"अव्वा, हितं मनाई हाय."

"मेलेल्याला. म्या जिती हाय."

दगडोबानं जाऊन सदराला विचारलं. जित्या माणसानं आपल्या शेतात बसू नये, असं कायद्यात कुठं नव्हतं.

वडील त्या वाटेनं जायचे बंद झाले. मला तर अव्वाचा रागच यायचा. चारचौघांत हे काय! एकदा मी चिडून विचारलं, "रोज कशाला बसतीस उन्हात?"

"बसून घेतीया. मेल्यावर काय हितं बसवत न्हाईत," ती म्हणाली. मीठ संपलंय असं सांगावं, तसल्या आवाजात.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. हद्द वाढली, पट्टी वाढली, पण कंदील काही आला नाही. खांबाला लोखंड नाही आणि दिव्याला रॉकेल नाही, असं कचेरीत सांगत.

अव्वा तापानं घरातच गेली. तिला डोलीत बसवून ओढ्यापलीकडं नेलं. वाट त्याच वळणावरून होती. डोली थांबली नाही, वडिलांनी मान वर केली नाही. तिला परक्या माणसांच्या रांगेत माती दिली. घरी आल्यावर सगळे जेवलो. रडू कुणालाच आलं नाही, मलाही नाही.

लढाई संपल्यावर खांब आला. बलदियाची माणसं वळणावर जागा बघू लागली. दोन्हीकडं उजेड पडेल अशी एकच जागा होती, समाधीच्या शेजारची. शेत आमचं, म्हणून दगडोबा वडिलांना बोलावून घेऊन गेला. मीही मागोमाग गेले. वडिलांनी नाही म्हटलं असतं तर खांब तिथं रोवता आला नसता. तेवढा हक्क त्यांना होता.

"मालक, हितं खणू का?" दगडोबानं विचारलं.

वडिलांनी समाधीकडं पाहिलं.

"खणा," ते म्हणाले. "कंदील म्याच मागितलाय."

माणसांनी अव्वाचे दगड काढून बाजूला टाकले आणि खड्डा खणायला घेतला.