हायड्रुनने बघितलेला वास

बोखुमच्या विद्यापीठातल्या वासाच्या प्रयोगशाळेत हायड्रुन शिमान्स्कीला नोकरी मिळाली, ती एका उत्तरावर. "अत्तरांनी डोकं दुखतं का?" डॉक्टर ब्रेमेंनी विचारलं होतं. "कधीच नाही," ती म्हणाली होती. खोटं काहीच नव्हतं. तिला जन्मापासून कसलाच वास येत नव्हता, एवढं मात्र तिने आठ वर्षं पोटात ठेवलं.

नाकातली वास ओळखणारी जनुकं शुक्राणूंमध्येही जागी असतात. मे महिन्यातल्या पांढऱ्या घंटाफुलांच्या वासाकडे ते पोहत जातात. एका मंगळवारी अकरा वाजता पाहुण्यांना तेच दाखवायचं होतं. आणि साडेदहाला हायड्रुनबाईंनी प्रयोगाच्या दोन्ही बाटल्या स्पिरिटने चकाचक पुसल्या. स्वच्छतेची हौस दांडगी. पेनाने लिहिलेली नावंही गेली. एकीत त्याच घंटाफुलांचा वास, दुसरीत व्हॅनिला, आणि दोन्ही सारख्याच नितळ.

"युटा, यातली घंटाफुलांची कुठली गं?"

"नाक कशाला दिलंय देवानं? हुंग की," शेजारच्या टेबलावरची युटा मान वर न करता म्हणाली.

हे गुपित फुटलं तर वासाच्या प्रयोगशाळेत बिननाकाची बाई कोण ठेवून घेणार? हायड्रुनने बाटली उगाच नाकाशी धरली. मग तिची नजर काचेच्या बशीकडे गेली. सकाळचा शुक्राणूंचा नमुना तिच्यात मजेत पोहत होता. यांना येतो की वास.

पहिल्या बाटलीतला थेंब बारीक नळीतून बशीत सोडून तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग दुसरी बशी, दुसरी बाटली. आणि काय सांगावं, अख्खी वरात वळली. शेपट्या हलवत, एकमेकांना ढुसण्या देत थेट नळीच्या तोंडाशी. हायड्रुन हसत सुटली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

अकराला पाहुण्यांसमोर तीच वरात पुन्हा निघाली, आणि हायड्रुनला पुन्हा हसू फुटलं. डॉक्टर खूश. कोऱ्या बाटल्या बघून म्हणाले, "वास घेऊन खात्री केली होती ना तुम्ही?"

"मी नाही, यांनी केली." तिने बशीकडे बोट दाखवलं. हसण्याच्या भरात खरं निघून गेलं. "मला जन्मापासून वासच येत नाही."

"आणि माझं प्रत्येक अत्तर हुंगून छान म्हणायचीस?" युटा म्हणाली.

"छानच असेल गं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आठ वर्षं?"

"आठ वर्षं. पण वास कसा असतो ते आज बघितलं मी."

डॉक्टरांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग म्हणाले, "उद्याच्या सहाही बाटल्यांवरची नावं पुसून ठेवा. सूक्ष्मदर्शकापाशी तुम्हीच बसायचं. नाकाने उत्तर आधीच कळणार नाही, असं इथे तुमच्याशिवाय कोण आहे?"